मुलांच्या मानेतली गाठ: आधी काय, नंतर काय

लहान मुलांच्या मानेत हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी म्हणजे सुजलेल्या लसिका ग्रंथी. घसा, दात, कान किंवा डोक्याची त्वचा यांपैकी कुठेतरी जंतुसंसर्ग होतो, त्या भागावर पहारा ठेवणाऱ्या ग्रंथी फुगतात आणि काही आठवड्यांत ओसरतात. ठणठणीत मुलांतही एक सेंटीमीटरपर्यंतच्या, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या ग्रंथी सर्रास सापडतात आणि त्यांना काही करावे लागत नाही. कर्करोग या वयात दुर्मीळच आहे. म्हणूनच तो डोक्यात चटकन येत नाही, आणि आला तरी गडबड होते ती बरेचदा क्रमाची: नंतर करायची गोष्ट आधी होऊन बसते.

थांबू नये अशा गाठी कोणत्या? दोन सेंटीमीटरहून मोठी, टणक, आतल्या भागाला चिकटून बसलेली, चार ते सहा आठवड्यांत कमी न झालेली किंवा वाढत चाललेली. सोबत रेंगाळणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, वजनात घट असेल तर आणखी लवकर. हासळीच्या हाडावरच्या खळगीतली गाठ मात्र आकार न बघता तपासावी. तिथल्या ग्रंथींकडे छाती आणि पोटातून निचरा येतो, म्हणजे मूळ आजार डोळ्यांआड असू शकतो. संसर्गाची लक्षणे असतील तर प्रतिजैविकाचा एक कोर्स देऊन पाहणे रास्त आहे. एकामागून एक तीन कोर्स देणे म्हणजे वेळ घालवणे.

या टप्प्यावर कटाक्षाने टाळायचे औषध म्हणजे स्टेरॉइड. रक्ताचा कर्करोग आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) यांच्या पेशी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने भराभर मरतात. गाठ बसते, ताप उतरतो, घरात सगळ्यांना हायसे वाटते. काही आठवड्यांनी आजार उलटतो तेव्हा बायॉप्सीत (गाठीचा नमुना काढून केलेल्या तपासणीत) धड काही दिसत नाही, रोग मुळात किती पसरला होता ते कळायला मार्ग उरत नाही आणि उपचारांची तीव्रता अंदाजाने ठरवावी लागते.

दुसरी गोष्ट भुलीची. लिम्फोमाची शंका असलेल्या मुलाला बायॉप्सीसाठी भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे हवाच. छातीच्या मध्यभागी मोठी गाठ असेल तर मूल जागे असताना स्नायूंच्या जोरावर श्वासनलिका उघडी राहते. भुलीत स्नायू सैल पडले आणि मूल उताणे झोपले की गाठीचा भार नलिकेवर येतो. हा दाब घशातून घातलेल्या नळीच्या टोकाच्याही खाली असला तर नळीचा उपयोग होत नाही. आडवे झोपता न येणे, कोरडा खोकला, सकाळी चेहरा सुजणे ही आधीच मिळणारी सूचना आहे. अशा मुलात त्या जागेपुरती भूल देऊन वरवरच्या ग्रंथीचा नमुना घेतात, किंवा छातीत साठलेले पाणी काढून त्यातल्या पेशी तपासतात.

लिम्फोमासाठी शक्यतो अख्खी ग्रंथी काढतात, आणि काढायला सोपी असेल ती नव्हे तर सर्वांत बिघडलेली दिसते ती. हॉजकिन लिम्फोमात रोगाच्या पेशी निरोगी पेशींच्या गर्दीत मोजक्याच विखुरलेल्या असतात, त्यामुळे सुईने ओढलेल्या नमुन्यातून त्या निसटू शकतात. सगळा नमुना फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रवात टाकला तर त्यातले जंतू मरतात आणि क्षयाचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) होत नाही. म्हणून त्याचा एक भाग ताजाच प्रयोगशाळेत जायला हवा.

गाठ मानेच्या मधोमध असेल तर विचाराची दिशाच बदलते. गर्भात थायरॉइड जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली सरकत मानेत येते. या वाटेचा अवशेष उरला तर त्यात पाणी साठून थायरोग्लॉसल सिस्ट होते. जीभ बाहेर काढली की ही गाठ वर सरकते. नुसती पिशवी काढली तर ती परत येण्याचे प्रमाण फार मोठे आहे, कारण ती वाट जिभेखालच्या हायॉइड हाडाला बिलगून जाते. सर्जन सिस्ट्रंक यांनी १९२० मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत या हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतचा मार्गही काढतात. त्यानंतर ती क्वचितच परत येते. पण चाकू लावण्याआधी सोनोग्राफीत थायरॉइड आपल्या जागी आहे ना, हे पाहायचे. काही मुलांत ती खाली उतरलेलीच नसते आणि मधली ती गाठ हीच त्यांची एकमेव थायरॉइड असते.

नाक आणि कानाच्या बाबतीत दोन उलट नियम लक्षात ठेवावे लागतात. किशोरवयीन मुलाचे एकाच बाजूचे नाक बंद राहते आणि घोळणा वारंवार, भरपूर फुटतो, तेव्हा अँजिओफायब्रोमा असू शकतो. ही गाठ कर्करोगाची नव्हे, पण रक्तवाहिन्यांनी इतकी भरलेली असते की बाह्यरुग्ण विभागात तुकडा काढायला जाणे जिवावर बेतू शकते. निदान सीटी आणि एमआरआयवर होते. शस्त्रक्रियेच्या एक ते तीन दिवस आधी तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बंद करतात. याउलट कानातला मांसल कोंब थेंबांनी बरा होत नसेल, किंवा जोडीला चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, तर स्कॅन करावा आणि बायॉप्सी लांबवू नये. रॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूसारख्या पेशींचा कर्करोग, असा येतो. चेहऱ्याच्या खोल भागातून तो पूर्ण कापून काढणे बहुधा शक्य नसते, म्हणून केमोथेरपी आणि रेडिएशन हेच मुख्य उपचार. मोठ्या मुलात एकाच कानात पाणी साठून राहत असेल तर नाकाच्या मागची पोकळी दुर्बिणीने पाहावी. तिथल्या कर्करोगाशी एपस्टीन-बार विषाणूचा संबंध असतो, आणि मानेतली गाठ हेच त्याचे पहिले लक्षण असू शकते.

आता थायरॉइड. मुलांत थायरॉइडच्या गाठी प्रौढांपेक्षा खूप कमी आढळतात, पण आढळलेली गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता जास्त: प्रौढांत दर १०० गाठींमागे साधारण ५ ते १०, मुलांत २० ते २५. सुरुवात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक) आणि सोनोग्राफीने होते. टीएसएच दबलेले असेल तर गाठ स्वतःच संप्रेरक बनवत असावी. मग स्कॅन करून खात्री करतात. सोनोग्राफीत पाहायचे ते असे: गाठ भरीव आहे का, कडा ओबडधोबड आहेत का, कॅल्शियमचे बारीक कण दिसतात का, आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिका ग्रंथी कशा आहेत. या शेवटच्या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. प्रौढांसाठीचे ‘अमुक सेंटीमीटरच्या खाली सुई नको’ असे नियम मुलाला जसेच्या तसे लावू नयेत, कारण मुळात ग्रंथीच लहान असते.

दोन फसवे प्रकार सांगितले पाहिजेत. पॅपिलरी, म्हणजे थायरॉइडच्या सर्वांत नेहमीच्या, कर्करोगाच्या एका प्रकारात वेगळी गाठ नसतेच. अख्खी ग्रंथी टणक होते आणि तिच्यात कॅल्शियमचे कण विखुरलेले दिसतात. हाशिमोटो (रोगप्रतिकारशक्तीमुळे थायरॉइडला येणारी सूज) समजून तो सोडून दिला जाऊ शकतो. उलट, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा तुकडा थायरॉइडमध्ये अडकून राहिला तर त्यातले चमकते ठिपके हुबेहूब कर्करोगासारखे वाटतात. सोनोग्राफीचा तोच प्रोब छातीच्या हाडावरच्या खाचेत धरून खऱ्या थायमसशी तुलना केली की उलगडा होतो आणि सुई वाचते.

सुईची तपासणी सोनोग्राफीत बघत करतात आणि अहवाल पेशी किती संशयास्पद आहेत ते सांगणाऱ्या बेथेस्डा पद्धतीच्या सहा गटांत येतो. अधल्यामधल्या गटात प्रौढांमध्ये बहुधा सुई पुन्हा घालतात. मुलांत मात्र बऱ्याचदा ग्रंथीची ती बाजू काढून तपासणे पसंत केले जाते, कारण या गटांतही कर्करोगाचे प्रमाण मुलांत जास्त निघते. संशयित लसिका ग्रंथीत सुई घातली तर ती धुतलेल्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन हे थायरॉइडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन मोजून घ्यावे. पेशी अपुऱ्या मिळाल्या तरी लसिका ग्रंथीत हे प्रथिन सापडणे बोलके असते.

मुलांतला थायरॉइडचा कर्करोग दहापैकी नऊ वेळा पॅपिलरी प्रकारचा असतो. निदानाच्या वेळी तो बहुतेकांत मानेच्या ग्रंथींत पोचलेला असतो, काहींत फुप्फुसांतही. एवढे असूनही ९५ टक्क्यांहून अधिक मुले दशकानुदशके जगतात. यामागे जनुकीय फरक आहे. प्रौढांत बीआरएएफ या जनुकातला एका अक्षराचा बदल प्रमुख असतो, तर मुलांत आरईटी किंवा एनटीआरके जनुक तुटून दुसऱ्याशी जोडले जाण्याचे प्रमाण मोठे. या पेशी पसरतात खऱ्या, पण आयोडीन शोषण्याची क्षमता सहसा टिकवून ठेवतात.

कारणांमध्ये पक्के ठाऊक असलेले म्हणजे बालपणी मिळालेले रेडिएशन. २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन गवतातून गायीच्या दुधात आणि तिथून मुलांच्या थायरॉइडमध्ये गेले. चार-पाच वर्षांतच बेलारूस आणि युक्रेनमध्ये रुग्ण वाढू लागले. पोटॅशियम आयोडाइडची गोळी संरक्षण देते, पण संपर्काच्या थोडे आधी किंवा नंतरच्या काही तासांत दिली तरच. मानेवर उपचारासाठी रेडिएशन घेतलेल्या मुलांची थायरॉइडही पुढे नियमित तपासावी लागते.

थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग हा वेगळाच आजार, आणि मुलांत तो बहुधा आनुवंशिक. आरईटी जनुकातल्या बदलाची जागा थायरॉइड काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचे वय ठरवते: ९१८ क्रमांकाच्या कोडॉनमध्ये (जनुकातल्या तीन अक्षरांच्या गटात) बदल असेल तर पहिल्या वर्षातच, ६३४ मध्ये असेल तर पाचव्या वर्षापर्यंत. तान्हेपणी रडताना अश्रू न येणे, चिवट बद्धकोष्ठता आणि पुढे जिभेवर व ओठांवर उमटणाऱ्या बारीक गाठी ही यातल्या तीव्र प्रकाराची खूण आहे. थोड्या मोठ्या मुलात थायरॉइडला हात लावण्याआधी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा (रक्तदाब चढवणारी संप्रेरके सोडणारी गाठ) नाही ना, हे रक्तातल्या किंवा लघवीतल्या मेटानेफ्रिनवरून, म्हणजे त्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या पदार्थावरून, तपासतात. असेल तर आधी ती गाठ काढायची. नाहीतर भुलीत रक्तदाब अचानक भडकतो.

पॅपिलरी कर्करोगात बहुतेक मुलांची संपूर्ण थायरॉइड काढतात, कारण तो अनेकदा दोन्ही बाजूंना असतो. धोका दोन गोष्टींना: आवाजाची नस आणि रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी. मुलांत या ग्रंथी थायमस आणि लसिका ग्रंथींच्या गर्दीत ओळखणे कठीण असते. म्हणून वर्षाला मानेतल्या अंतःस्रावी ग्रंथींच्या किमान ३० शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे मूल पाठवावे, अशी शिफारस आहे. प्रवासाची दगदग सोसूनही ती पाळण्याजोगी आहे. पॅराथायरॉइड दुखावल्या तर पहिल्या तीन दिवसांत ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात. लहान मुलाला हे सांगता येत नाही, म्हणून कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक मोजत राहायचे.

उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारे किरणोत्सारी आयोडीन सरसकट देत नाहीत. आजार ग्रंथीपुरता असेल तर ते टाळता येते. फुप्फुसांत पसरला असेल तर तेच मुख्य अस्त्र. त्याआधी दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार, आणि टीएसएच ३० च्या वर जायला हवे. सीटीसाठी आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून टोचायचा द्रव) दिला असेल तर दोन-तीन महिने थांबावे लागते. शस्त्रक्रियेआधी शक्य तिथे एमआरआय निवडण्याचे हे एक कारण. मात्रा वजनावरून किंवा शरीरात आयोडीन किती टिकते ते मोजून ठरते. फुप्फुसांतल्या गाठी सावकाश विरतात, थायरोग्लोब्युलिन दीड-दोन वर्षेही उतरत राहू शकते. त्यामुळे वर्षभराच्या आत दुसरा डोस देण्याची घाई करू नये. वारंवार डोस दिल्यास फुप्फुसे राठ होण्याचा धोका असतो.

नंतर लेव्होथायरॉक्सिन (थायरॉक्सिन या थायरॉइड संप्रेरकाची गोळी) आयुष्यभर. सुरुवातीला टीएसएच किती दाबायचे ते धोक्यावर अवलंबून: कमी धोक्यात ०.५ ते १, जास्त धोक्यात ०.१ च्या खाली. थायरोग्लोब्युलिनसोबत त्याविरुद्धची प्रतिपिंडेही दर वेळी मोजावीत, कारण ती असतील तर थायरोग्लोब्युलिनचा आकडा खोटा कमी येतो. आणि घरी हमखास होणारी चूक: शस्त्रक्रियेनंतर मुलाला थायरॉक्सिन आणि कॅल्शियम दोन्ही सुरू असते, सोयीसाठी दोन्ही गोळ्या सकाळी एकत्र दिल्या जातात आणि टीएसएच का खाली येत नाही ते कळत नाही. कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात अडवून धरते. थायरॉक्सिन उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोह त्यानंतर किमान चार तासांनी. टीएसएच चढे दिसले तर डोस वाढवण्याआधी वेळा विचाराव्यात.