नॉन, इन, अन आणि आमची पऱ्हाटी

जून लागला की आमच्याकडे कपाशीच्या बियाण्याची थैली फोडायची, आणि आत एक बारकं पाकीट वेगळं निघायचं. 450 ग्रॅम बीटी, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेलं बियाणं, आणि सोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी. ते बारकं पाकीट किती वर्षं तरी आमच्या कोठ्यातल्या खुंटीला लटकलं नाहीतर सरळ उकिरड्यावर गेलं, आणि बाबांना विचारलं की काऊन टाकता तर उत्तर ठरलेलं, "अबे नॉन हाय ना ते. नॉन म्हणजे बिनकामाचं."

बाबांची चूक म्हणावी तर इंग्रजीची आहे, कारण त्या भाषेत 'नाही' म्हणायला एक नाही, चार-पाच शेपट्या आहेत आणि त्या पुढून लागतात. अन, इन, नॉन, डिस, अ. शाळेत आपल्याला एका ओळीत सांगून टाकतात की हे लागलं की उलटा अर्थ, आणि विषय संपतो. पण उलटा म्हणजे नेमका किती उलटा हे कोणी सांगत नाही.

नॉन हा सगळ्यात कोरडा. तो फक्त एवढंच सांगतो की ही वस्तू त्या गटातली नाही, चांगली की वाईट यात तो पडतच नाही. अन मात्र बहुतेक वेळा ताशेरा मारतो. धोंडी काढल्यानं पाऊस पडतो असं कोणी छातीठोक सांगितलं तर ते अनसायंटिफिक, पण धोंडीचं गाणं म्हणाल तर ते नॉनसायंटिफिक, म्हणजे गाण्याचा आणि विज्ञानाचा संबंधच नाही, त्यात गाण्याचा कमीपणा काय. तसंच बैल हा नॉनह्यूमन, आणि भर उन्हात त्याला तुतारीची, म्हणजे हाकायच्या काठीची, आर टोचून टोचून रक्त काढणारा माणूस इनह्यूमन.

म्हणजे नॉन-बीटी पाकिटावर फक्त एवढं लिहिलं होतं की या बियाण्यात अळी मारणारं ते जनुक नाही. आणि ते मुद्दामच घातलेलं नव्हतं. नियम असा होता की बीटीच्या भोवती धुऱ्याकडून पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त भरेल तेवढं नॉन-बीटी लावायचं. कारण बीटीच्या झाडावर जवळपास सगळ्या बोंडअळ्या मरतात, पण हजारो-लाखोंत एखादी पचवून जगते. तिचं फुलपाखरू, म्हणजे पतंग, दुसऱ्या तशाच जगलेल्या पतंगाशी जोडी जमवतं आणि पिल्लं सगळी निबर निघतात. शेजारी साधी पऱ्हाटी, म्हणजे नॉन-बीटी कपाशी, असली तर तिच्यावर साध्या अळ्या भरपूर जगतात, त्यांचे पतंग या निबर पतंगांशी जुळतात, आणि होणारी पिल्लं बहुतेक बीटी खाऊन मरतात. गुलाबी बोंडअळी तर जवळपास कपाशीवरच जगते, तिला दुसरा आसरा नाही, म्हणून तिच्यासाठी हे जास्तच गरजेचं होतं. 2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळकडे आणि अख्ख्या विदर्भात गुलाबी अळीनं जे केलं ते लोकांना अजून आठवते. पाकीट फेकलं हे एकटंच कारण नव्हतं, फरदड ठेवून मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवणं हेही होतं, पण पाकीट त्यात होतंच. आता नॉन-बीटी थैलीतच मिसळून येते, म्हणजे निवडून फेकायची सोयच राहिली नाही.

आता इन. मागच्या उन्हाळ्यात भाच्याला गाडीवर मागं बसवून आर्णी रोडनं जात होतो, पुढं टँकर, त्याच्यावर मोठ्ठं लिहिलेलं, हायली इन्फ्लेमेबल. पोरगा म्हणते, "मामा, इनकम्प्लीट म्हणजे पुरं नाई, इनकरेक्ट म्हणजे बरोबर नाई, मंग हे पेटतच नाई म्हना ना!" मी म्हटलं, बाप्पा, तिथं बिडी पेटवून पाहू नको. हा इन लॅटिनमधला दुसराच इन आहे, आत घालण्याचा, आतून पेट घेण्याचा. दिसायला जुळे आणि नातं काहीच नाही. अमेरिकेतल्या आग-सुरक्षावाल्यांना हीच भीती वाटली म्हणून त्यांनी 1920 च्या दशकापासून नुसतं फ्लेमेबल लिहा असा आग्रह धरला. पेटत नाही त्याला काय म्हणतात? नॉनफ्लेमेबल. पुन्हा नॉनच कामी आला.

इनव्हॅल्युएबल ऐकून पण लोक फसतात, कवडीमोल समजतात. पण आपल्याला फसायचं कारण नाही, अमूल्य म्हणजे काय ते आपल्याला बरोबर कळते, मोलच करता येत नाही इतकं भारी.

आणि हे नुसतं सारखं दिसणं नाही, हे खरंच आपल्या घरातलं आहे. आपला संस्कृतातला अ, ग्रीकांचा अ, लॅटिनचा नकाराचा इन आणि इंग्रजीचा अन, हे चौघं एकाच जुन्या आजीची नातवंडं. पुढं स्वर आला की आपण अन् करतो, ज्ञान-अज्ञान पण आदर-अनादर, ग्रीक लोकही अगदी असंच करायचे. आपलं अमृत, ग्रीकांचं देवांचं खाणं अँब्रोशिया आणि इंग्रजीतला इम्मॉर्टल, तिन्हीच्या पोटात एकच गोष्ट, न मरणं. इनचा इम झाला तो पुढच्या म मुळे, सत् आणि जन मिळून सज्जन होतो तशी ती संधी.

अ‍ॅनिमिया यातलाच. शब्दाचा सरळ अर्थ रक्त नसणं, पण रक्त नसलेला माणूस दवाखान्यात चालत कसा येईल? तो शून्य नाही सांगत, कमी सांगतो, बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदर असेल तर साधारण 11 च्या खाली. आमच्याकडच्या बाया म्हणतात ना, "अंगात रक्तच नाई हो माह्या", ते अगदी ग्रीक डॉक्टरसारखं बोलणं आहे. अ‍ॅटम म्हणजे न कापता येणारा. 1897 मध्ये थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञानं त्यातून इलेक्ट्रॉन काढून दाखवला, तरी नाव तेच.

एक अन मात्र वेगळ्या घरचा. अनटाय मधला अन 'नाही' म्हणत नाही, केलेलं उलटं करतो. आपण त्यासाठी वेगळी क्रियापदंच ठेवली, बांध-सोड, शिव-उसव, त्यामुळे घोळ नाही. इंग्रजीत अनलॉकेबल दार म्हणजे कुलूप लागतच नाही असं दार, की कुलूप उघडता येते असं दार? दोन्ही.

सगळ्यात जास्त डोकं मात्र युरियानं फिरवलं. कृषी केंद्रात 45 किलोची थैली उचलताना आपण म्हणतो रासायनिक, इनऑरगॅनिक, आणि शेणखत ऑरगॅनिक. पण केमिस्ट्रीवाल्याला विचारलं तर युरिया पक्का ऑरगॅनिक, कारण त्यात कार्बन आहे, तो नायट्रोजनला धरून बसला आहे. 1828 मध्ये व्होलर नावाच्या जर्मन माणसानं जीवजंतूशिवाय, प्रयोगशाळेतच युरिया बनवला, आणि सजीवाशिवाय ऑरगॅनिक पदार्थ होत नाही ही समजूत तिथून ढिली पडत गेली. हे मी कृषी केंद्रवाल्या काकाला सांगितलं तर तो म्हणे, "मंग शंभर रुपये जास्त लावू का थैलीले, ऑरगॅनिक म्हनून?"