‘काहेर-३१३’वरचा अविश्वास कुठून आला?

२ फेब्रुवारी २०१३ रोजी इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद यांनी तेहरानमध्ये ‘काहेर-३१३’ या लढाऊ विमानाचे अनावरण केले. विमान पूर्णपणे देशी बनावटीचे असून रडारला चकवते, असा दावा होता. छायाचित्रे बाहेर आली आणि जगभरचे जाणकार त्यांच्यावर तुटून पडले. कॉकपिट इतके चिमुकले की त्यात बसलेला वैमानिक अवघडल्यासारखा दिसत होता. इंजिनाला हवा पुरवणारी तोंडे अगदी लहान होती. नाकाच्या भागात धड रडार मावेल एवढीही जागा नव्हती. उड्डाणाच्या चित्रफितीत विमान आकाशात दिसते, पण धावपट्टी सोडताना किंवा उतरताना दिसत नाही. ते रिमोटवर उडणारे छोटे प्रारूप असावे, असे अनेकांचे मत पडले. पुढे दमावंद पर्वतावरून उडणाऱ्या काहेरचे छायाचित्र आले, तेही जोडकाम असल्याचे उघड झाले.

या अविश्वासामागे बराच इतिहास आहे. त्याच्या आदल्याच आठवड्यात इराणने माकड अंतराळात पाठवल्याचे जाहीर केले होते आणि आधीच्या व नंतरच्या छायाचित्रांत वेगवेगळी माकडे दिसली होती. जुलै २००८ मध्ये क्षेपणास्त्र चाचणीच्या छायाचित्रात एक क्षेपणास्त्र संगणकावर वाढवलेले निघाले. विमानांचेही तसेच. ‘साएके’ हे नवे विमान म्हणून मिरवले गेले, पण ती अमेरिकी एफ-५ चीच दोन शेपट्यांची आवृत्ती होती. २०१८ मध्ये आलेल्या ‘कौसर’चा सांगाडाही एफ-५ चाच.

एफ-५ आणि इराणचे हे नाते क्रांतीपूर्वी इराणवर राज्य करणाऱ्या शहांच्या काळातले. त्या काळात इराण अमेरिकी शस्त्रांचा मोठा गिऱ्हाईक होता. एफ-१४ हे विमान अमेरिकेबाहेर फक्त इराणलाच मिळाले. ८० ची मागणी होती, ७९ पोहोचली. १९७९ मध्ये क्रांती झाली, पाठोपाठ अमेरिकी दूतावासातले ओलीसनाट्य घडले आणि सुटे भाग येणे थांबले. १९८० मध्ये इराकशी युद्ध पेटले, ते आठ वर्षे चालले. एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला बसवत, जे मिळेना ते स्वतः घडवत इराणी तंत्रज्ञांनी ती विमाने उडती ठेवली. अमेरिकेने २००६ मध्ये स्वतःची एफ-१४ निवृत्त केली आणि सुटे भाग इराणच्या हाती पडू नयेत म्हणून त्यातली बरीचशी चक्क चिरडली. मला इराणी तंत्रज्ञांची ही कामगिरी कोणत्याही अनावरण सोहळ्यापेक्षा मोठी वाटते, आणि दिखाव्याच्या विमानांनी तिच्यावरच सावली धरली याचे वाईट वाटते.

सगळेच दावे पोकळ होते असेही नाही. डिसेंबर २०११ मध्ये इराणने हाती लागल्याचे सांगून दाखवलेले अमेरिकेचे आरक्यू-१७० हे टेहळणी ड्रोन खरेच निघाले. पण हाती आलेले यंत्र उलगडून पाहणे वेगळे आणि स्टेल्थ, म्हणजे रडारला चकवणारे, लढाऊ विमान उभे करणे वेगळे. कोनाकोनाच्या आकाराने ते साधत नाही. रडारलहरी शोषणारे लेप, जोडांमधली काटेकोर अचूकता, आत दडवलेले इंजिन आणि शस्त्रे, असे सगळे जुळावे लागते. अफाट पैसा आणि अनुभव असूनही अमेरिकेच्या एफ-२२ या स्टेल्थ विमानाला १९९७ च्या पहिल्या उड्डाणापासून सेवेत यायला २००५ उजाडले.

एप्रिल २०१७ मध्ये काहेरचे सुधारित रूप धावपट्टीवर धावताना दाखवले गेले, उडताना नाही. पुढे ते वैमानिकाविना उडेल अशी भाषा सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘शहीद बाघेरी’ या ड्रोनवाहू जहाजावर त्याच घाटाची छोटी ड्रोन दिसली. त्याच वर्षी जूनमध्ये इस्रायलने हल्ले केले, तेव्हा तेहरानमध्ये जमिनीवर टिपल्या गेलेल्या विमानांत शहांच्या काळातली एफ-१४ होती.