एकाच विमानात इतकी वेगवेगळी भाडी का?

वंदे भारतच्या एका डब्यात शेजारी बसलेल्या दोन सोलापूरकरांनी मुंबईसाठी बहुधा सारखेच पैसे मोजलेले असतात. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानात एकाचे भाडे दुसऱ्याच्या दुप्पटही असू शकते. यात लबाडी आहे असे अनेकांना वाटते. मला मात्र त्यामागचे गणित फार सुंदर वाटते.

अमेरिकेत १९७८ पर्यंत भाडे सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षी कायद्याने ते बंधन काढायला सुरुवात झाली आणि १९८४ अखेर मंडळच गुंडाळले गेले. आपल्याकडे १९५३ पासूनची सरकारी मक्तेदारी १९९४ मध्ये संपली. भाडे मोकळे झाले. पण किती ठेवायचे?

उत्तराचे बीज १९७२ मध्येच पडले होते. बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केनेथ लिटलवूड यांनी एक नियम मांडला. समजा, स्वस्त तिकीट २,००० रुपयांचे आणि महाग ५,००० चे. आज कुणी दोन हजारांत शेवटची खुर्ची मागतोय. द्यावी, की ऐनवेळी मुंबईच्या डॉक्टरांची वेळ मिळालेल्या माणसासाठी राखावी? पाच हजार देणारा येण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेल तर राखावी, कारण ५,००० चे ४० टक्के म्हणजे २,०००. शक्यता त्याहून कमी असेल तर लगेच विकावी. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीचे मोल शून्य!

१९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने संगणकावर असाच हिशेब मांडून मोजक्याच खुर्च्या अतिस्वस्त विकल्या, बाकीच्या पूर्ण भाड्याने. सरसकट स्वस्त विकणारी पीपल एक्सप्रेस ही प्रतिस्पर्धी कंपनी दोन वर्षांच्या आत विकली गेली.

आज प्रत्येक उड्डाणाच्या खुर्च्या अनेक भाडेगटांत वाटलेल्या असतात. खालचा गट संपला की वरचा लागू होतो. सोलापूर-मुंबई विमान ७६ आसनी, म्हणजे स्वस्त खुर्च्या मुळातच थोड्या. एका लग्नाच्या वऱ्हाडाने त्या संपतात. शिवाय शक्यता काढायची ती जुन्या नोंदींवरून, आणि ही सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेली. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरकर गावी परततात, हे कंपनीतल्या कुणी आधी सांगितले नाही, तर संगणकाला ते एक-दोन जानेवारी उलटल्यावरच कळणार.