लग्न ते ऑपरेशन: मधली वर्षं कोण मोजतं?

महाराष्ट्राचे कुटुंब नियोजनाचे आकडे पाहिले की काम फत्ते झालं असंच कुणालाही वाटेल. २०१९ मध्ये राज्यात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ६६.२ टक्के जणींच्या घरी गर्भनिरोधाचं कुठलं ना कुठलं साधन वापरात होतं. एका बाईमागे सरासरी मुलं १.७. लोकसंख्या आहे तेवढीच राहायला साधारण २.१ लागतात, त्याच्याही आपण बरेच खाली आलो.

आता त्याच पाहणीतले आणखी दोन आकडे पाहा. पहिला, या ६६.२ पैकी ४९.१ एकट्या स्त्रियांच्या ऑपरेशनचे आहेत आणि पुरुष नसबंदीचे ०.४. म्हणजे साधन वापरणाऱ्या चार जोडप्यांतली तीन ऑपरेशनवाली. दुसरा आकडा परभणी जिल्ह्याचा. तिथे २० ते २४ वयाच्या बायकांत ४८ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हे प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास होतं, तर अख्ख्या राज्यात २१.९.

हे आकडे शेजारी ठेवले की मराठवाड्यातल्या कुणालाही ओळखीची वाटेल अशी गोष्ट दिसते. सतराव्या वर्षी लग्न, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पहिलं मूल, दीड-दोन वर्षांत दुसरं, आणि तेविशी-चोविशीत माहेरी बाळंतपणाला आली की लगेच ऑपरेशन. देशभरातसुद्धा ऑपरेशन होतं तेव्हा बाईचं मध्यक वय सव्विशीच्या आतच आहे. ऑपरेशन झालं की ही बाई पुढची पंचवीस वर्षं प्रत्येक पाहणीत ‘आधुनिक साधन वापरणारी’ म्हणून मोजली जाते. आकडा भक्कम होतो. पण पाळणा लांबवायला काहीतरी हवं होतं ती वर्षं लग्न आणि ऑपरेशन यांच्या मधली होती, आणि एकूण टक्केवारीत ती शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.

या मोजणीचा इतिहासही असाच वाकडा आहे. सरकारी पातळीवर कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. सुरुवातीला मोजायचं काय, तर वाटलेलं साधन आणि झालेली ऑपरेशनं. १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत पुरुषांची संख्या बायकांच्या जवळपास तिप्पट होती. नुसत्या आकड्यावर गेलं तर कार्यक्रमाचं ते सर्वांत यशस्वी वर्ष! त्या जबरदस्तीनंतर पुरुष नसबंदीचं नावच बदनाम झालं आणि सगळा भार बायकांच्या अंगावर आला, तो आजतागायत आहे. एप्रिल १९९६ मध्ये सरकारने उद्दिष्टं काढून टाकली. त्यांच्या जागी ‘अपेक्षित साध्य’ आलं. आरोग्य केंद्रावर मात्र मार्च महिना जवळ आला की ‘टार्गेट किती झालं’ हेच अजून कानावर पडतं.

ऑपरेशनलाच इतका भाव का, याचं एक उत्तर हिशेबाच्या पद्धतीत सापडतं. वाटलेल्या साधनांची बेरीज करायला ‘जोडपे-वर्ष संरक्षण’ नावाचं एक माप आहे. एका जोडप्याला एक वर्ष संरक्षण द्यायला १२० निरोध लागतात, किंवा गोळ्यांची १५ पाकिटं, किंवा तीन महिन्यांनी घ्यायची ४ इंजेक्शनं. एक तांबी बसवली की ४.६ वर्षं जमा होतात. पुढे मागे ती काढली जाते, काही जणींची आधीच काढावी लागते, हे धरूनच ही सरासरी आहे. आणि एका ऑपरेशनची किती? जगासाठी सर्वसाधारणपणे १०, भारतासाठी १३, कारण आपल्याकडे ते फार तरुण वयात होतं. आता उपकेंद्रातल्या सिस्टरच्या जागी बसून हिशेब करा. एक ऑपरेशन बरोबर १,५६० निरोध. कुठल्या कामामागे धावलेलं परवडेल? शिवाय त्या भारतीय १३ वर्षांत आपल्या मुलींच्या लवकर झालेल्या लग्नांचा हिस्सा आहे, हेही विसरायला नको. लग्न जितकं लवकर, तितकं ऑपरेशन लवकर, आणि कागदावरची संरक्षणाची वर्षं तितकी जास्त.

वाटपाच्या आकड्यांवर भागत नाही म्हणून मग घरोघरी जाऊन विचारायचं ठरलं. १९९२-९३ पासून मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांभाळते. पाचव्या फेरीत देशभर ६,३६,६९९ घरं आणि ७,२४,११५ स्त्रिया होत्या. इथे प्रश्न असतो तो वापराचा: मूल लांबवायला किंवा टाळायला तुम्ही दोघं सध्या काही करता का? सरकारी दवाखान्यातून घेतलं, मेडिकलमधून आणलं की नुसतेच दिवस मोजता, सगळं यात येतं.

यातलं मला सर्वांत आवडणारं साधन म्हणजे पाच वर्षांचं कॅलेंडर. महिन्याला एक चौकट. बाईने सांगायचं आणि पाहणी करणारीने भरत जायचं: या महिन्यात दिवस गेले, इथे बाळंतपण, इथे गोळ्या सुरू, इथे बंद, का बंद केल्या. इंग्रजी महिने कुणाच्या लक्षात असतात? मग नागपंचमी, पोळा, दिवाळी असे टेकू द्यावे लागतात. लातूर-धाराशिवकडे ‘येळवशीच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की शेतातल्या जेवणावळीसकट सगळं आठवतं. या चौकटींतूनच कळतं की गोळ्या सुरू केलेल्यांपैकी किती जणींनी वर्षाच्या आत सोडल्या, आणि त्रास झाला म्हणून सोडल्या की मूल हवं म्हणून. एकदा झालेल्या ऑपरेशनच्या मात्र सगळ्या चौकटी सारख्याच भरतात.

पाहणीतला आणखी एक आकडा वारंवार छापून येतो, तो अपूर्ण गरजेचा. मूल नकोय, किंवा निदान दोन वर्षं नकोय, दिवस जाऊ शकतात, तरीही काहीच वापरत नाही, अशी बाई अपूर्ण गरजेत धरतात. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.६ टक्के, देशात ९.४. समजा परभणीजवळच्या एखाद्या गावात १९ वर्षांची, एक मूल असलेली बाई आहे. मूल दहा महिन्यांचं आहे, पाळी अजून आलेली नाही. ती गरजेत धरायची का? अशा वेळी तिला आता पुढे काय हवं ते विचारून भागत नाही. हे शेवटचं बाळंतपण हवं होतं का, नंतर हवं होतं, की नकोच होतं, यावरून ठरतं. तेव्हाच हवं होतं म्हणाली तर गरज शून्य. आणि सासूबाई दारात भाजी निवडत बसलेल्या असताना ‘नको होतं’ असं कोण म्हणेल? मुलाखत एकांतात घ्यायची असा नियम आहे, पण दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळवणं हीच पाहणीवालीची खरी परीक्षा.

इच्छेवर बेतलेल्या मापाला इच्छा कुठून येते ते दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. दोन मुली झालेली आणि मुलासाठी तिसऱ्यांदा वाट बघणारी बाई अपूर्ण गरजेत येत नाही, कारण तिला मूल ‘हवंय’. व्याख्येप्रमाणे हे बरोबरच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत हे सगळं एका अपूर्णांकात बसवलं आहे: ज्यांना गरज आहे त्यांपैकी किती जणींची गरज आधुनिक साधनांनी भागते? गणित सोपं आहे. वर आधुनिक साधनं वापरणाऱ्या, खाली वापरणाऱ्या सगळ्या अधिक अपूर्ण गरजवाल्या. महाराष्ट्रासाठी ६३.८ भागिले ७५.८, म्हणजे सुमारे ८४ टक्के. देशासाठी ५६.५ भागिले ७६.१, म्हणजे सुमारे ७४. आपण दहा गुणांनी पुढे! पण ज्या मुलीला चार वर्षं पाळणा लांबवायचा होता, तिला तेव्हा काहीच मिळालं नाही आणि दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन मिळालं, तीही यात गरज भागलेलीच असते. या मापात साधन कोणतं आणि ते वेळेवर मिळालं का, याला जागाच नाही.

एकट्या टक्केवारीवर विसंबलं की कशी फसगत होते, याचे देशपातळीवरचे दोन दाखले आहेत. २००५-०६ आणि २०१५-१६ या दोन पाहण्यांमध्ये साधनांचा वापर ५६.३ वरून ५३.५ वर घसरला, आणि त्याच काळात एका बाईमागची मुलं २.७ वरून २.२ वर आली. वापर कमी, मुलंही कमी. लग्नाचं वय वाढणं, नवरा कामासाठी परगावी असणं, वापर न सांगणं अशी बरीच कारणं चर्चेत आली. गर्भपात हे त्यातलं मोठं. २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी, दवाखान्याबाहेर. दुसरा दाखला त्यापुढच्या फेरीचा. वापर ५३.५ वरून ६६.७ वर गेला, तेरा टक्क्यांची उडी, मोठे मथळे झाले. आधुनिक साधनं मात्र ४७.८ वरून ५६.५ वरच गेली होती. म्हणजे वाढीचा जवळपास तिसरा हिस्सा दिवस मोजणं आणि तत्सम पारंपरिक उपायांचा.

मराठवाड्यात मोजणीची एक खास अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरभरून ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. घराला कुलूप, नाहीतर मागे म्हातारी आणि शाळेतली पोरं. पाहणी घराच्या यादीवरून चालते, आदल्या रात्री त्या घरात मुक्कामाला असलेल्या बाईचीच मुलाखत होते. महाराष्ट्रातलं पाचव्या फेरीचं काम जून ते डिसेंबर २०१९ असं चाललं, म्हणजे शेवटचे महिने थेट हंगामात. उपकेंद्राच्या पात्र जोडप्यांच्या (मूल होण्याच्या वयातल्या विवाहितांच्या) रजिस्टरमध्ये अशी जोडपी असतात, पण पाच महिने त्यांच्यापुढे शेरा एकच, ‘बाहेरगावी’. उसाच्या फडावरच्या कोपीत गोळ्यांचं पाकीट संपलं तर पुढचं कुठून आणायचं, हे त्या रजिस्टरमध्ये लिहायची सोय नाही.

आणि बीडच्या पिशवी काढलेल्या बायका. २०१९ मध्ये हा विषय गाजल्यावर नेमलेल्या समितीच्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. साधारण सहा जणींत एक. देशात १५ ते ४९ वयात हे प्रमाण ३.३ टक्के आहे. वयोगट तंतोतंत सारखे नसतील, तरी फरक डोळ्यांवर येतो. कुटुंब नियोजनाच्या मोजणीत या बायका कुठे बसतात? पिशवी काढणं हे गर्भनिरोधाचं साधन नव्हे, म्हणून वापरणाऱ्यांत धरत नाहीत. दिवस जाऊ शकत नाहीत, म्हणून अपूर्ण गरजेतही नाहीत. वापराच्या टक्केवारीत त्या फक्त छेदात उरतात. 

जिल्ह्याचा आकडा वाचताना आणखी एक पथ्य पाळायला हवं. एका जिल्ह्यात साधारण हजारभर बायकांची मुलाखत होते, त्यांत विवाहित त्याहून कमी. इतक्या नमुन्यावर दहा टक्क्यांच्या आसपासचा आकडा दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे होणं अगदी स्वाभाविक. हिंगोलीची अपूर्ण गरज ८ वरून १० झाली म्हणून कुणाला नोटीस काढू नये, आणि १० वरून ८ झाली म्हणून कुणी सत्कारही घेऊ नये. चाळीस-पन्नास टक्क्यांच्या घरातल्या बालविवाहाची गोष्ट निराळी, तिथे दोन-चार टक्क्यांनी चित्र पालटत नाही.

या पाहणीची तुमच्या जिल्ह्याची फॅक्टशीट, म्हणजे आकड्यांचं पत्रक, इंटरनेटवर मिळते. बहुतेक अहवालांत अजून औरंगाबाद आणि उस्मानाबाद याच नावांनी शोधावं लागेल. वापराची ओळ सगळेच वाचतात. त्याच्या खाली ‘सेवेचा दर्जा’ म्हणून दोन ओळी असतात, माझ्या मते त्या आधी वाचाव्यात. पहिली: साधन न वापरणाऱ्या बायकांपैकी किती जणींशी आरोग्य कर्मचारी या विषयावर कधी तरी बोलले? देशात २३.९ टक्के, म्हणजे चौघींतली एकही पुरती नाही. दुसरी: साधन वापरणाऱ्यांपैकी किती जणींना त्याच्या दुष्परिणामांची कल्पना दिली होती? ६२.४ टक्के. राज्याची आणि जिल्ह्याची ओळ याच्याशी ताडून पाहा. हे विचारायला नवी पाहणी लागत नाही. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की सिस्टरला, आणि त्याहून आधी वैद्यकीय अधिकाऱ्याला, हेच दोन प्रश्न विचारता येतात. तिसरा जोडायचा तर हा: गेल्या वर्षी गावात लग्न होऊन आलेल्या मुलींपैकी किती जणींची नावं पात्र जोडप्यांच्या रजिस्टरमध्ये चढली? अठराच्या आतली नवरी आपल्या गावात आहे हे लेखी कबूल करायला कुणीच तयार नसतं. म्हणून तिचं नाव बहुधा पहिल्या बाळंतपणाच्या वेळीच येतं, आणि गोळ्या, निरोध, छाया (आठवड्याची गोळी), अंतरा (तीन महिन्यांचं इंजेक्शन) यांपैकी काय हवं ते विचारायची वेळ तोवर टळलेली असते.