आमिश वस्तीतील आगीचे बंब आणि चालकाचा प्रश्न

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर जिल्ह्यात बर्ड-इन-हँड, गॉर्डनव्हिल, बार्ट अशा गावांत आगीचा भोंगा वाजला, की बंबावर चढणाऱ्यांत दाढी राखलेले आमिश, म्हणजे साधी, जुन्या वळणाची राहणी पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, शेतकरी आणि सुतारही असतात. घोडागाडीने फिरणारा समाज मोटारीच्या बंबावर कसा, याचे कुतूहल पर्यटकांना वाटते. त्या भागातील जुना आणि अधिक अवघड प्रश्न मात्र वेगळा आहे : बंब चालवायचा कोणी?

स्वयंसेवी अग्निशमन ही पेनसिल्व्हेनियाची जुनी परंपरा असून फिलाडेल्फियातील पहिले असे मंडळ १७३६ मधील आहे. आमिश शेतकऱ्यांची स्वतःची रीतही तितकीच पक्की होती. शेजाऱ्याचा गोठा जळाला, तर सर्वांनी लाकूड, वर्गणी आणि श्रम देऊन तो उभा करायचा. विमा कंपनीकडे जायचे नाही. बादल्या आणि हातपंप होते तोवर या दोन परंपरांत विरोध नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार आली आणि आमिश समाजाने ती नाकारली, तेव्हा पेच सुरू झाला.

या नकाराचे नेमके स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे, कारण बाहेर त्याचे वर्णन नेहमी ढोबळपणे केले जाते. मोटारीत बसणे निषिद्ध नाही. ती स्वतःच्या मालकीची असणे आणि स्वतः चालवणे निषिद्ध आहे. त्यामुळे दवाखान्यात किंवा कामावर जाण्यासाठी ‘इंग्लिश’ माणसाची, म्हणजे आमिश नसलेल्या शेजाऱ्याची, गाडी भाड्याने घेणे सर्रास चालते. बंबाच्या बाबतीत मात्र ‘मालकी’ हा शब्द निसरडा ठरतो. बंब मंडळाचा, मंडळ सभासदांचे, आणि सभासदांत आमिशही. मग बंब काही अंशी त्यांचाही नाही का? मंडळ ही गावाची संस्था आहे, तिच्या मालमत्तेवर कोणा एका सभासदाचा हक्क नाही, हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण ज्याने पैसा उभा करायला घाम गाळला, त्याने ‘ही गाडी माझी नव्हे’ म्हणणे हे केवळ कागदोपत्री खरे, असेही कोणी म्हणू शकेल. प्रस्तुत लेखकाच्या मते व्यवहाराने हा वाद सोडवला नाही, तो बाजूला ठेवला. मालकीची रेषा पुसट राहू दिली आणि चालवण्याची रेषा ठळक केली. आमिश सभासद नळी धरतो, शिडी चढतो, धुरात शिरतो. कित्येक ठिकाणी उभ्या बंबाचा पंपही हाताळतो. शेतावर डिझेल इंजिन वापरणाऱ्याला त्यात नवीन काही नाही. स्टिअरिंगला मात्र तो हात लावत नाही. पोलीस दलात हे लोक जात नाहीत, कारण तिथे त्यांना वर्ज्य असलेला बळाचा वापर येतो. आग विझवण्यात तो प्रश्न उद्‌भवत नाही.

अठराव्या शतकापेक्षा गेल्या साठ वर्षांनी या बंबांना अधिक आकार दिला. ओले गवत रचून ठेवले, की आतून तापून पेट घेते, हा धोका जुनाच होता. १९६०च्या दशकात दूध कंपन्यांनी थंड टाक्यांची अट घातल्यावर त्या थंड ठेवण्यासाठी गोठ्यालगत डिझेल इंजिने आली आणि त्या धोक्यात भर पडली. शेतांच्या आसपास नळाचे जाळे नसते, म्हणून मुख्य बंबामागून टँकर धावतो, घडीची टाकी जमिनीवर उघडून त्यात पाणी ओततो आणि ओढ्यावर किंवा तळ्यावर पुन्हा भरून येतो. (मराठी वाचकाला टँकर म्हटले, की पाण्याचीच गाडी आठवते, अमेरिकेच्या संघीय परिभाषेत मात्र ते नाव विमानासाठी राखले असून पाण्याच्या गाडीला ‘टेंडर’ म्हणतात. लँकेस्टरमध्ये लोक टँकरच म्हणतात.) रस्त्यांवरील रहदारी वाढली आणि घोडागाड्यांना मोटारींच्या धडका बसू लागल्या, तसे बचावाच्या गाड्यांचे महत्त्व वाढले. २००६ मध्ये निकेल माइन्स येथील आमिश शाळेत पाच मुलींची हत्या झाली, तेव्हा बार्टचे अग्निशमन केंद्र मदतकार्याचा तळ बनले.

एका बंबाची किंमत लाखो डॉलरांच्या घरात जाते. ती भागवण्यासाठी वसंतारंभी, बर्फ वितळून मैदानाचा चिखल झालेला असताना, लिलाव भरतात. त्यांना ‘मड सेल’ म्हणजे चिखलाचा लिलावच म्हणतात. गोधड्या, घोडे, बग्ग्या, अवजारे आणि घरचे खाद्यपदार्थ विकले जातात. देणाऱ्यांत आमिश घरांचा वाटा मोठा असतो आणि घेणाऱ्यांत दूरच्या शहरांतील पाहुणे असतात. या लिलावांवर लिहिणारे बहुधा गोधड्यांपाशीच थांबतात, बंबापर्यंत पोहोचत नाहीत.

आजची अडचण चालकाच्या जागेवर येऊन ठेपली आहे. पेनसिल्व्हेनियात १९७०च्या दशकात सुमारे ३,००,००० स्वयंसेवक होते. २०१८ मधील विधिमंडळाच्या अहवालात ती संख्या ३८,००० च्या आसपास सांगितली आहे. उलट आमिश लोकसंख्या साधारण वीस वर्षांत दुप्पट होते, आणि शेतजमीन अपुरी पडल्याने अनेक पुरुष घराजवळच्या सुतारकामाच्या व लोहारकामाच्या कारखान्यांत दिवसभर हजर असतात. इंग्लिश शेजारी त्या वेळी शहरात नोकरीवर असतो. म्हणजे दुपारी गोठा पेटला, तर पायाने ढकलायच्या स्कूटरवरून केंद्रावर पोहोचणारे हात पुष्कळ असतील, पण परवाना असलेला आणि जड वाहनाचे प्रशिक्षण घेतलेला माणूस येईपर्यंत त्यांना दारातच थांबावे लागेल. राज्यातील काही स्वयंसेवी मंडळांनी आता दिवसापाळीसाठी पगारी चालक नेमले आहेत. आमिश गावांनी तोच मार्ग धरला, तर चिखलातल्या लिलावाचा पैसा गाडीबरोबर पगारालाही पुरवावा लागेल.