वर्तुळाची सपाट बाजू

शेजारच्या काकूंच्या मांडीवर मोठं गळू झालं. मधुमेह जुना, म्हणून डॉक्टरांनी पू तपासायला सांगितला. त्यांच्या मुलाने खात्रीसाठी दोन लॅबमध्ये नमुने दिले. दोन्हीकडे जंतू एकच निघाला, स्टॅफिलोकोकस ऑरियस. पण क्लिंडामायसिन या औषधापुढे एका रिपोर्टात 'एस' होतं, म्हणजे औषध लागू पडेल, आणि दुसऱ्यात 'आर', म्हणजे लागू पडणार नाही. तो दोन्ही कागद घेऊन माझ्याकडे आला. "ताई, यातलं खोटं कोण बोलतंय?"

खोटं कुणीच बोलत नव्हतं. फरक पडला होता तो तपासणीच्या प्लेटवर ठेवलेल्या, औषधाच्या दोन चकत्यांमधल्या अंतराचा. तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण एमडीच्या पहिल्या वर्षी ही प्लेट हातात आली आणि मी याच विषयाची, मायक्रोबायोलॉजीची म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राची, होऊन गेले.

जंतूंची औषधचाचणी दिसायला साधी. म्युलर-हिंटन अगार या जंतू वाढवायच्या जेलीच्या प्लेटवर जंतू सारवून घ्यायचे, वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट ३५ अंशांवर सोळा ते अठरा तास ठेवायची. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल दिसतो. त्या गोलाचा व्यास मोजून तक्त्याशी ताडायचा.

काकूंच्या जंतूवर एरिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक चालत नव्हतं; त्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढलेले. क्लिंडामायसिनभोवती मात्र छान मोठा गोल. दोन चकत्या लांब असतील तर तंत्रज्ञ व्यास मोजतो आणि 'एस' लिहितो. आता त्याच दोन चकत्या १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर ठेवा. दुसऱ्या दिवशी क्लिंडामायसिनचा गोल एरिथ्रोमायसिनच्या बाजूने सपाट झालेला दिसतो, इंग्रजी 'डी' अक्षरासारखा. म्हणून हिचं नाव डी टेस्ट.

सपाट का? दोन्ही औषधं जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, जवळजवळ एकाच जागी बसतात. काही जंतूंकडे 'एर्म' नावाचं जनुक असतं. त्यातून तयार होणारं एन्झाइम रायबोसोमच्या आरएनएमधल्या अ‍ॅडेनीन या एका घटकावर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटवतं. त्या एका बदलाने दोन्ही औषधांची पकड सुटते. पण हे एन्झाइम सदासर्वकाळ बनवणं जंतूला परवडत नाही, म्हणून त्याने एक झकास कुलूप ठेवलंय. एन्झाइमचा निरोप नेणारा एमआरएनए स्वतःवरच दुमडलेला असतो, आणि रायबोसोमने वाचायला जिथून सुरुवात करायची ती जागाच घडीत दडलेली असते. त्याआधी एक छोटासा मजकूर उघडा असतो. 'एर्म-सी' जनुकात तो फक्त १९ अमिनो आम्लांचा. एरिथ्रोमायसिन अडकलेला रायबोसोम हा मजकूर वाचता वाचता मध्येच थबकतो. तो तिथे अडून बसल्यामुळे घडी उलगडते, दडलेली जागा उघडी पडते आणि औषधाच्या तावडीतून सुटलेले बाकीचे रायबोसोम एन्झाइम बनवायला लागतात. क्लिंडामायसिनला हे कुलूप सहसा उघडता येत नाही. म्हणून प्लेटवर एरिथ्रोमायसिन जिथवर झिरपतं तिथले जंतू जागे होऊन क्लिंडामायसिनलाही दाद देत नाहीत. पलीकडच्या बाजूचे बेसावध राहतात आणि मरतात.

मग रुग्णाला एरिथ्रोमायसिन दिलंच नाही तर धोका कसला? कोट्यवधी जंतूंमध्ये एखाद्याचं कुलूप उत्परिवर्तनाने आधीच मोडलेलं असू शकतं. त्याचं एन्झाइम कायम चालू. क्लिंडामायसिन बाकीच्यांना मारतं आणि तेवढ्याला मोकळं रान मिळतं. गळू आधी ओसरतं आणि मग पुन्हा वर येतं.

जाता जाता एक सांगते. अमुक काढ्याने प्लेटवर जंतू मेले, असे फोटो मोबाइलवर फिरत असतात. चकती लिंबाच्या रसात किंवा फिनेलमध्ये बुडवली तरी भोवती गोल पडू शकतो. पोटात घेतल्यावर ते रक्तात किती पोचतं, गळवापर्यंत किती जातं, हे त्या गोलातून कळत नाही. असल्या फोटोवर विसंबून कुणी चालू औषध बंद करू नये.

हे सगळं शिकवतात कुठे? आपल्याकडे एमबीबीएसनंतर तीन वर्षांची एमडी मायक्रोबायोलॉजी असते. अमेरिकेत वाट वेगळी. तिथे डॉक्टर आधी पॅथॉलॉजीची रेसिडेन्सी करतो किंवा संसर्गजन्य रोगांमध्ये तज्ज्ञ होतो, आणि त्यावर एक वर्षाची मेडिकल मायक्रोबायोलॉजी फेलोशिप करतो. शेवटी अमेरिकन बोर्ड ऑफ पॅथॉलॉजीची परीक्षा. माझी एक वर्गमैत्रीण सध्या त्या वर्षात आहे. रोज प्लेट राउंड असतो. बेंचवरच्या तंत्रज्ञांसोबत, शिक्षकांच्या देखत, एकेक प्लेट उजेडात तिरकी धरून बघायची. मग वॉर्डातून फोन सुरू होतात. रक्ताच्या चार बाटल्यांपैकी एकीतच त्वचेवरचा जंतू वाढलाय. हा खरा संसर्ग, की सुई टोचताना कातडीवरून आत गेलेला? रुग्णाला ताप आहे का, कृत्रिम झडप आहे का, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. शिवाय बुरशी, परजीवी, क्षयाचे जंतू, नवी चाचणी सुरू करण्याआधीची पडताळणी. तिथल्या १९८८च्या क्लिया कायद्याने प्रयोगशाळेच्या कामाची जबाबदारी संचालकावर टाकली आहे, आणि उद्या ती खुर्ची तिचीच असणार.

जंतूचं नाव आता यंत्र सांगतं. प्लेटवर वाढलेल्या जंतूचा ठिपका माल्डी-टॉफ या यंत्रात ठेवला की काही मिनिटांत ओळख पटते. डी टेस्टसुद्धा काही यंत्रांमध्ये एकाच खाचेत दोन्ही औषधं घालून होते. मला त्याचा आनंदच आहे. पण कुठली चाचणी लावायची, यंत्राचं उत्तर रुग्णाशी जुळत नसेल तर रिपोर्ट अडवायचा की सोडायचा, हे ज्याच्या सहीने कागद बाहेर जातो त्यालाच ठरवावं लागतं. अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून शेकडो प्लेटी पाहिल्याशिवाय तो अंदाज येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

काकूंच्या मुलासमोरच मी पहिल्या लॅबला फोन लावला. जंतू त्यांनी जपून ठेवला होता. त्याच संध्याकाळी चकत्या जवळ ठेवून प्लेट पुन्हा लावली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सुधारित रिपोर्ट आला. क्लिंडामायसिनपुढे 'आर', खाली एक ओळ: डी टेस्ट पॉझिटिव्ह. तोवर काकूंच्या सर्जनने गळू फोडून निचरा केला होता आणि औषधही बदललं होतं.