वायरलेस चार्जिंगच्या दाव्यांची पडताळणी

वायरलेस चार्जिंगच्या दाव्यांची पडताळणी : वायर न जोडता फोन चार्ज करणाऱ्या पॅडची शक्ती, वेग आणि सुरक्षितता यांविषयी जे सांगितले जाते ते तपासून पाहण्याची रीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (डॉ. भडकमकर मार्ग) किंवा मनीष मार्केटमध्ये गिऱ्हाईक खोका उलटसुलट करून पाहते, तिथेच तिची गरज भासते. खोक्यावर ‘१५ वॅट’ ठळक छापलेले असते. ते कुठे मोजले, हे मात्र क्वचितच.

या चार्जिंगमागचे विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व मायकेल फॅराडेने १८३१ मध्ये दाखवले. पॅडमधल्या तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे फोनमधल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. ‘ची’ (अक्षरे ‘क्यूआय’) हे अशा चार्जिंगचे मानक वायरलेस पॉवर कन्सोर्शियम या कंपन्यांच्या संघटनेचे. ते २०१० मध्ये आले. आरंभी मर्यादा ५ वॅटची होती, पुढे ती १५ झाली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘ची-२’ने वेटोळी समोरासमोर बसावीत म्हणून चुंबक आणले. दोन बोटे सरकलेला फोन रात्रभर पॅडवर असूनही सकाळी रिकामा मिळतो, हा तसा नेहमीचाच अनुभव.

वॅटचा आकडा प्रत्यक्षात तीन ठिकाणी वेगवेगळा निघतो : अडॅप्टर पॅडला देतो तो, पॅड फोनला देतो तो आणि फोन स्वीकारतो तो. अडॅप्टरवर ५ व्होल्ट, २ अँपिअर असे बारीक अक्षरांत लिहिले असेल, तर गुणाकार १० येतो. त्यावर १५ वॅटचा पॅड लावून १५ मिळणार नाहीत. यूएसबी मीटर अडॅप्टर आणि पॅड यांच्यामध्ये लावतात, म्हणून तो पॅडने घेतलेली शक्तीच दाखवतो. त्यातली काही उष्णतेत जाते आणि फोनला उरलेलीच मिळते. दुकानदार मीटर दाखवतो तेव्हा हे विसरू नये. शिवाय काही कंपन्यांचे जलद वायरलेस चार्जिंग त्यांच्याच पॅडवर चालते. साध्या ‘ची’ पॅडवर तोच फोन रेंगाळतो.

वेगाचा दावा तर कागदावरच तपासता येतो. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ३.८५ व्होल्टची धरली, तर तिच्यात १९ वॅट-तासांहून थोडी जास्त ऊर्जा मावते. अखंड १५ वॅट मिळाले तरी सव्वा तास लागेल, आणि शेवटच्या टप्प्यात फोन वेग स्वतःच कमी करतो. १५ वॅटच्या पॅडवर ‘तासाभरात फुल्ल’ होणे हिशेबात बसत नाही.

‘वायरलेसने बॅटरी खराब होते’ हे अर्धसत्य आहे. बॅटरीचे नुकसान उष्णतेने होते, आणि वायरलेसमध्ये ती वायरपेक्षा बहुधा जास्त असते. आयफोनसाठी अॅपलने भोवतालच्या तापमानाची वरची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगितली आहे. मुंबईचा मे महिना तिच्या जवळच असतो. पंखा बंद, जाड कव्हर, अशा वेळी फोन चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. त्यात पॅडचा दोष असेलच असे नाही.

कव्हरमागे मेट्रोचे किंवा ऑफिसचे कार्ड ठेवायची सवय इथे सर्रास दिसते. असे कार्ड फोन आणि पॅड यांच्यामध्ये राहू नये. त्यातली चिप किंवा चुंबकीय पट्टी बिघडू शकते.

खरेदीच्या वेळी ‘ची’चे चिन्ह आणि ‘ची कम्पॅटिबल’ अशी नुसती छपाई यांत फरक करावा. प्रमाणित वस्तूंची यादी कन्सोर्शियमच्या संकेतस्थळावर शोधता येते. अडॅप्टरवरचा भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर, काउंटरवर उभ्या उभ्याच पाहता येतो.